सचिवताईंचा फोन : ३८ शेतकऱ्यांची कागदपत्रं एका मोबाईलमधून दुसऱ्यात नेताना

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला एक गाव आहे. कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन ही तिथली पिकं. गावात दोन शेतकरी गट आहेत, दोन्ही मिळून ३८ सभासद. दोन्ही गटांचा कारभार एकच बाई पाहतात. गटाच्या सचिव त्या, म्हणून गावात सगळे त्यांना सचिवताई म्हणतात. इथे नुसतं ताई म्हणतो. ओळख पटेल असं बाकी सारं गाळलं आहे.

मी अशा गटांना हिशेब आणि कागदपत्रांचं काम शिकवायला जातो. या प्रकरणात मी मध्येच शिरलो. त्यामुळे सुरुवातीचा भाग ताईंनी आणि त्यांच्या बारावी झालेल्या मुलाने सांगितला तसा आहे. दोघांच्या सांगण्यात थोडा फरक होता, तो मी मिटवलेला नाही.

गटाचं दफ्तर म्हणजे ताईंचा मोबाईल. तीन वर्षं जुना, ६४ जीबीचा, चार्जिंगची पिन सैल झालेला. सभासद व्हॉट्सॲपवर कागद पाठवत आणि ताई ते लागेल तिथे पुढे पाठवत. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाचं पहिलं पान, काटापट्टी (म्हणजे काट्यावरच्या वजनाची पावती), सभेच्या रजिस्टरचा फोटो, सगळं त्या एका हिरव्या ॲपमध्ये. कागद शोधायचा म्हणजे चॅट वर वर ओढत जायची. ताईंना कोणता कागद साधारण कोणत्या सणाच्या आसपास आला हे लक्षात असे आणि त्यावरच काम चाले. "रामभाऊचं पासबुक ना? पोळ्याच्या आधी धाडलं होतं त्यानं." ही पद्धत हसण्यासारखी नाही. चार वर्षं ती बिनचूक चालली होती.

अडचण

ऑक्टोबर २०२४. दसरा झाला होता, सोयाबीन घरात येत होतं आणि बाजारातले भाव हमीभावाच्या, म्हणजे ४,८९२ रुपये क्विंटलच्या, खालीच होते. खरेदी केंद्रावर नोंदणीसाठी आधार, पासबुक आणि चालू हंगामाच्या पीक पेऱ्याची नोंद असलेला सातबारा हवा होता. नेमक्या त्याच आठवड्यात ताईंच्या फोनने "स्टोरेज फुल" म्हणत हात टेकले. व्हॉट्सॲप उघडेना, कॅमेरा फोटो काढेना.

मुलाने दसऱ्याला नवा फोन घेऊन ठेवला होता. आईचं सगळं त्यात टाकून द्यायचं असं ठरलं. पण जुना फोन इतका अडकत होता की आधी त्यात जागा करावी असं त्याला वाटलं. रविवारी रात्री त्याने व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं. सगळ्यात जास्त जागा खाणारे दोन्ही गटांचे ग्रुप निवडले आणि त्यांतलं सगळं एकदम काढून टाकलं. सहा जीबीच्या वर जागा मोकळी झाली. फोन पळायला लागला.

त्याची समजूत अशी की चॅटमधून काढलं तरी फाइल फोनमध्ये कुठेतरी राहतेच. तसं नसतं. तिथून काढलेली फाइल फोनमधूनच जाते, चॅटमधला संदेशही जातो आणि फाइल्स ॲपच्या कचरापेटीत ती येत नाही.

सोमवारी सकाळी ताईंनी चार पासबुकं पाठवायला ग्रुप उघडला तर वर ओढायला काही उरलंच नव्हतं. पोराने घाबरून दुसरं काम केलं. आता तरी वाचेल म्हणून त्याने "बॅकअप घ्या" हे बटण दाबलं. गूगल खात्यात जागा नाही असा संदेश आला. थोड्या पैशांत जागा विकत मिळते हे त्याला माहीत होतं. तो पैसे भरायला निघाला आणि तेवढ्यात ताईंनी मला फोन केला.

"सर, सर्वं पुसल्या गेलं जी. लोकं दारात येऊन बसले. आता काय करू?"

पहिला निर्णय : काहीही न करणे

मी विचारलं, शेवटचा बॅकअप कधीचा दाखवतो? जुलैचा पहिला आठवडा. मी म्हटलं, पैसे भरू नका, बटण पुन्हा दाबू नका.

कारण असं. व्हॉट्सॲपचा गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप एकावर एक साठत नाही. नवा घेतला की जुन्याच्या जागी बसतो. अँड्रॉइडवर पूर्वी हा बॅकअप गूगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत मोजला जात नसे. २०२४ च्या पूर्वार्धात तो मोजला जाऊ लागला. जीमेल, फोटो, ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप सगळे त्याच १५ जीबीत. ताईंचं खातं जुलैत भरलं आणि बॅकअप थांबला. कोणी पाहिलंच नाही, कारण थांबला तरी फोन काही आरडाओरडा करत नाही.

म्हणजे झालं असं की खातं भरलेलं होतं म्हणूनच जुलैचा बॅकअप जिवंत राहिला. सोमवारी सकाळी त्या खात्यात जागा असती, तर पोराने पुसलेल्या फोनचा बॅकअप घेतला असता आणि भरलेला जुना कायमचा गेला असता. ज्या अडचणीने तीन महिने नुकसान केलं तिनेच त्या दिवशी वाचवलं. असा योग दरवेळी येत नाही. बॅकअप फार काळ नवा झाला नाही तर गूगल तो काढूनही टाकतो.

फोनवरूनच दोन गोष्टी करून घेतल्या. जुन्या फोनमध्ये बॅकअप "कधीच नाही" वर नेला आणि मग फोन फ्लाइट मोडवर टाकला. दारातल्या लोकांना ताईंनी चहा पाजून परवा या म्हणून सांगितलं. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड होतं.

खरोखर काय हरवलं?

मंगळवारी मी गावात गेलो. माझं पहिलं काम वही काढून यादी करणं हे होतं. कोणता कागद गेला यापेक्षा, गेलेला कागद पुन्हा मिळतो की नाही, हे मला हवं होतं. इथे चित्र एकदम बदललं.

सातबारे गेले म्हणून सगळ्यात जास्त रडारड चालली होती. पण फोनमध्ये होते ते बहुतेक २०२३ चे. या वर्षीच्या नोंदणीला चालू खरिपाचा पेरा हवा. जुना सातबारा असता तरी ऑपरेटरने परत केला असता. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. भूलेखवर फुकट दिसणारा नुसता पाहण्यापुरता असतो, त्याच्यावर सही नसते. काही सभासदांच्या जमिनीचे दोन-दोन गट क्रमांक, म्हणून एकूण ५१ सातबारे लागणार होते, ७६५ रुपये. आधी दिवसभर ज्याच्यासाठी हळहळ झाली त्याची किंमत एवढी. चौघांची ई-पीक पाहणीच, म्हणजे पेऱ्याची ॲपवरची नोंदच, राहिली होती. तो प्रश्न मोबाईलचा नव्हता, पटवाऱ्याकडचा होता, त्यात इथे शिरत नाही.

आधार पुन्हा मिळतं. पासबुक ज्याच्या त्याच्या घरात आहे, फक्त पुन्हा फोटो काढायचा. सभेचं रजिस्टर ताईंच्याच कपाटात.

उरल्या काटापट्ट्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये गटाने एका व्यापाऱ्याला एकत्र तूर दिली होती. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर झालं आणि पट्ट्या त्या गुळगुळीत कागदावर छापून मिळाल्या. अकरा जणांच्या वजनात व्यापाऱ्याने नंतर जास्तीचा कडता, म्हणजे वजनातली कपात, लावला होता आणि फरकाची रक्कम अडकली होती. ताईंनी मूळ पट्ट्या मागितल्या, लोकांनी खिशातून, डब्यातून, पासबुकातून काढून आणल्या. बहुतेक पांढऱ्या पडल्या होत्या. तो कागद उष्णतेने छापला जातो. शाई नसतेच. ऊन, घाम, प्लास्टिकच्या पिशवीतली वाफ यांनी अक्षर उडून जातं. विदर्भाचा मे महिना त्याच्यावरून गेला होता. म्हणजे या अकरा कागदांपुरता मोबाईलमधला फोटो हाच मूळ कागद होता.

५१ सातबाऱ्यांच्या ढिगात हे अकरा फोटो सारख्याच किमतीचे म्हणून पडलेले होते. फोनला फरक कळत नाही. ताईंना कळत होता, पण त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं.

समोरचे पर्याय

एक, व्हॉट्सॲपची क्यूआर कोडने चॅट हलवण्याची सोय. २०२३ पासून ती आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवायचे, इंटरनेटही फारसं लागत नाही. ताईंना आजचं सगळं चॅट नव्या फोनमध्ये मिळालं असतं. पण आजच्या चॅटमध्ये त्या फायली नव्हत्याच.

दोन, नव्या फोनवर जुलैचा ड्राइव्ह बॅकअप उतरवायचा. फायली मिळतील, पण जुलैनंतरचे साडेतीन महिने गायब. त्यात बियाण्याच्या उधारीचे हिशेब होते.

तीन, व्हॉट्सॲप सोडून जुन्या फोनचं पोटच उपसायचं : केबल, मेमरी कार्ड किंवा वायरलेस. उरलंसुरलं वाचेल, गेलेलं मिळणार नाही.

चार, गेलेल्या फायली परत मिळवून देणारं एखादं ॲप. शेजारच्या पोराने दोन-तीन नावं सांगितली. माझा त्याला विरोध होता. आजच्या अँड्रॉइडवर असली ॲप बहुतेक लहान चित्रांचे तुकडे दाखवतात आणि पैसे मागतात. शिवाय ३८ जणांचे आधार ज्या फोनमध्ये आहेत त्यात असलं ॲप टाकून सगळ्या फायलींची परवानगी द्यायची, हे मला पटलं नाही.

पाच, ज्यांनी पाठवलं त्यांच्याकडून पुन्हा मागवायचं. सगळ्यात साधा उपाय आणि सगळ्यात शेवटी सुचलेला. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये फोटो असतो, कॅमेऱ्यात नाही तर व्हॉट्सॲपच्या "सेंट" नावाच्या फोल्डरमध्ये. गॅलरीत तो फोल्डर दिसत नाही, फाइल मॅनेजरमध्ये दिसतो.

पहिल्या दोनपैकी एकच निवडायचा असं आम्ही तासभर धरून चाललो होतो. मुलगा म्हणत होता बॅकअप उतरवू, ताई म्हणत होत्या उधारीचा हिशेब जाऊन चालणार नाही. दोघंही बरोबर होते. मग लक्षात आलं की क्रम नीट लावला तर दोन्ही होतात. आधी नव्या फोनवर जुलै उतरवायचा, त्यातून फायली काढून बाहेर ठेवायच्या, मग नंबर पुन्हा जुन्या फोनवर सुरू करायचा आणि आजचं चॅट क्यूआरने नव्यात आणायचं. नव्या फोनचा पहिला अवतार फक्त फायली काढण्यापुरता.

यात धोका होता. नंबर नव्या फोनवर सुरू झाला की जुना फोन बाहेर पडतो. परत जुन्यावर आणताना काही बिनसलं तर आजचं चॅट जाईल. म्हणून त्याआधी जुन्या फोनमधला व्हॉट्सॲपचा अख्खा फोल्डर बाहेर काढून ठेवायचं ठरलं. त्यात फोनमधल्या फोनमध्ये होणारा चॅटचा रोजचा बॅकअपही असतो.

काय केलं

जुन्या फोनचं पोट उपसताना निम्मा दिवस गेला. माझ्या लॅपटॉपला लावलेल्या पहिल्या केबलने फोन नुसता चार्ज झाला. स्वस्तातल्या बऱ्याच केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. दुसऱ्या केबलने फोन दिसला, "फाइल ट्रान्सफर" निवडलं, पण पिन सैल. ताईंचे यजमान फोन एका कोनात धरून बसले. दहा मिनिटांनी म्हणाले, "बाळंतिणीचं पोर धरल्यावाणी धरून राहिलो, आता हात भरून आला." तेवढ्यात केबल हलली आणि कॉपी मध्येच तुटली. किती फायली आल्या, किती राहिल्या, काही पत्ता नाही. बरं होतं की कॉपी लावली होती, कट नाही.

कोणीतरी शेअरइट टाका म्हणालं. ते ॲप जून २०२० मध्ये सरकारने बंद केलेल्या ५९ चिनी ॲपपैकी एक. झेंडर आणि कॅमस्कॅनरही त्याच यादीतले. तरी गावात अजून त्यांच्या फायली एकमेकांना पाठवून टाकल्या जातात. त्याची गरजही राहिलेली नाही. अँड्रॉइडमध्येच क्विक शेअर आहे. आधी तो नियरबाय शेअर होता, २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये मिसळला आणि नाव तेच राहिलं. ब्लूटूथने फोन एकमेकांना ओळखतात आणि माल वायफायवरून थेट जातो. मोबाईल डेटा लागत नाही. ज्या गावात पाण्याच्या टाकीजवळ गेल्याशिवाय नीट रेंज येत नाही तिथे हे फार मोलाचं.

फोल्डर मात्र शोधावा लागला. अँड्रॉइड ११ पासून व्हॉट्सॲपचा माल फोनच्या पहिल्या पानावर दिसत नाही. तो "अँड्रॉइड" फोल्डरमध्ये, त्यात "मीडिया", त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर, असा आत दडलेला असतो. नव्या फोनवर गेल्यावर आम्ही दोन्हीकडची फायलींची संख्या ताडून पाहिली. पहिल्यांदा सात कमी निघाल्या. पुन्हा पाठवल्या. हे मोजणं लोक टाळतात आणि नेमकं तिथेच फसतात.

बुधवारी तालुक्याला एका ओळखीच्या घरी वायफायवर जुलैचा बॅकअप उतरवला, चार जीबीच्या आसपास. आधी मजकूर येतो, फोटो मागाहून येतात. पहिली पंधरा मिनिटं सगळे फोटो धुरकट दिसत होते. मुलगा म्हणाला, "गेलं सर, काही नाही येत." त्याला फोनपासून उठवून पोहे खायला पाठवलं. परत आला तोवर चित्रं भरत आली होती.

इथे एक बारीक गोष्ट कामी आली. उतरवलेल्या फायलींची फोनमधली तारीख त्या दिवशीची पडली होती, त्यामुळे तारखेने लावलं तर सगळा गोंधळ. पण व्हॉट्सॲप फोटोच्या नावातच तारीख घालतं : वर्ष, महिना, दिवस, मग क्रमांक. नावाने लावल्यावर फेब्रुवारी-मार्च एका ठिकाणी आले. २,३०० फोटोंमधून काटापट्ट्या शोधायला वीस मिनिटं लागली. नऊ सापडल्या.

त्या आणि पासबुकं "डॉक्युमेंट्स"मध्ये वेगळा फोल्डर करून कॉपी केली, शिवाय ओटीजीने, म्हणजे फोनला पेनड्राइव्ह जोडणाऱ्या पिनने, एका ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकली. व्हॉट्सॲप काढून टाकल्यावर त्याचा स्वतःचा फोल्डर राहील यावर भरवसा ठेवायचा नसतो. मग नंबर जुन्या फोनवर परत आणला. कोड लवकर येईना. थोड्या वेळात पुन्हा पुन्हा मागितला की व्हॉट्सॲप थांबायला लावतं. तो तास-सव्वा तास सगळ्यात वाईट गेला. जुन्या फोनवर चॅट जसंच्या तसं निघालं तेव्हा ताईंनी मोबाईलला हात जोडले. संध्याकाळी क्यूआरने आजचं चॅट नव्यात आलं.

दोन पट्ट्या जुलैनंतर, ऑगस्टमध्ये, ग्रुपवर आल्या होत्या. एका सभासदाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात मूळ फोटो होता, तो पाठवलेल्यापेक्षाही स्वच्छ, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. दुसऱ्याने मधल्या काळात फोनच विकला होता.

फायलींची मांडणी

फायली मिळाल्यावर त्या ठेवायच्या कशा यावर माय-लेकात वाद झाला. मला तो या सगळ्यातला सगळ्यात कामाचा भाग वाटला.

मुलाचं म्हणणं कागदाप्रमाणे फोल्डर करू : सगळे सातबारे एकीकडे, सगळी आधार एकीकडे. कोणत्याही ऑफिसात असंच असतं. ताई म्हणाल्या, "माह्याकडे कागद येत नाही, माणूस येते." येणारा सांगतो, माझं सगळं काढा. त्यासाठी माणसाप्रमाणे फोल्डर हवा. मी मनातून मुलाच्या बाजूचा होतो, कारण मला तशी सवय. ताईंच्या वाक्यानंतर गप्प बसलो.

नावाने फोल्डर केले तर तीन सभासदांची नाव-आडनावं तंतोतंत एक होती. म्हणून रजिस्टरचा सभासद क्रमांक आधी आणि मग नाव असं ठरलं. क्रमांक दोन अंकी : ०१, ०२, ०७. नुसता १, २ लिहिला तर बरेच ॲप १ नंतर १०, ११ लावतात आणि २ खाली जातो. फाइलच्या नावात क्रमांक, कागद, वर्ष-महिना, उदाहरणार्थ "07_satbara_2024-10". वर्ष आधी टाकलं की जुनं-नवं आपोआप ओळीत बसतं. नावं इंग्रजी अक्षरांत आणि मोकळ्या जागेऐवजी खालची रेघ, कारण काही पोर्टल देवनागरी नाव किंवा मोकळी जागा पाहून फाइल नाकारतात.

आणखी एक फोल्डर माझ्या आग्रहाने झाला, सभासदांच्या फोल्डरांच्या बाहेर. त्याचं नाव ताईंनी ठेवलं : "पुन्हा न भेटणारे". काटापट्ट्या, वारसांची संमतिपत्रं, हाताने लिहून दिलेल्या पावत्या. फोन भरला तर बाकी काहीही पुसा, याला हात लावायचा नाही. याची एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह सभेच्या रजिस्टरसोबत कपाटात. महिन्याच्या सभेला रजिस्टर निघतंच, त्याच वेळी नवीन फायली त्यात टाकायच्या.

सातबाऱ्यांच्या बाबतीत एक उलटी सवय मोडावी लागली. लोक सेतू केंद्रातून डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची प्रिंट आणत, तिचा फोटो काढत, तो व्हॉट्सॲपवर पाठवत आणि ऑपरेटर त्याची पुन्हा प्रिंट काढे. पीडीएफ लहान, स्वच्छ आणि सहीसकट असताना तिचा सावलीवाला फोटो का करायचा? आता ताई केंद्रचालकाकडून पीडीएफच मागतात. ज्याचा फोटोच काढावा लागतो, म्हणजे पासबुक, त्यासाठी ड्राइव्ह ॲपमधलं स्कॅन वापरतात, अंगणात, दुपारच्या आधी. टिनाच्या छपराखाली काढलेलं पासबुक आयएफएससीचा, म्हणजे बँक शाखेच्या कोडचा, शून्य आणि ओ वेगळा दाखवत नाही.

निष्पत्ती

शुक्रवारी ३८ पैकी २९ जणांचे कागद नोंदणीला गेले. पुढच्या आठवड्यात आणखी पाच. ई-पीक पाहणी राहिलेले चौघं मागे राहिले. त्यातल्या एकाने हरभऱ्याच्या बियाण्याला पैसे हवे म्हणून सोयाबीन बाजारातच विकलं.

काटापट्ट्यांच्या अकरा प्रकरणांपैकी दहांचे फोटो व्यापाऱ्यासमोर ठेवता आले. सात जणांचा फरक दिवाळीच्या आत मिळाला, तिघांचं वजन व्यापाऱ्याच्या वहीशी जुळत नव्हतं, ते बोलणं चालू राहिलं.

जुना फोन महिनाभर तसाच ठेवला आणि त्यानंतर पुसला. पुढे फार्मर आयडीची धावपळ सुरू झाली तेव्हा ताईंना चॅट वर ओढावं लागलं नाही, असं मुलाने सांगितलं. पेनड्राइव्ह मात्र पहिल्या दोन सभांनंतर एकदा चुकला. संक्रांतीच्या गडबडीत राहिलं म्हणाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक रविवारी रात्रीची : आधी साफसफाई, मग हलवणं. क्रम उलटा हवा होता. पण पोराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अडकलेल्या फोनवरून काहीच हलत नव्हतं, आणि जागा करायला काय पुसावं हे सांगणारं कोणी नव्हतं. व्हिडिओ पुसले असते तरी पुरेशी जागा झाली असती. सुप्रभातचे आणि किर्तनाचे व्हिडिओ पावणेतीन जीबी होते, ते त्याने आईच्या भीतीने ठेवले.

दुसरी चूक माझी. मी वर्षभर त्या गटात हिशेब शिकवायला जात होतो. फोनमधला बॅकअप शेवटचा कधी झाला हे एकदाही विचारलं नाही. दहा सेकंदांचं काम होतं.

तिसरी गोष्ट अजून मिटलेली नाही, ती म्हणजे आधारची. ३८ माणसांचं आधार एका फोनमध्ये, एका पेनड्राइव्हवर आणि आता माझ्या लॅपटॉपवरही काही काळ होतं. लॅपटॉपवरचं मी ताईंच्या समोर पुसलं. पेनड्राइव्हवर आधार ठेवायचं नाही असं मी सुचवलं, कारण ते पुन्हा मिळणाऱ्यांतलं आहे. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क केलेलं आधार द्यावं, हेही सांगितलं. पण नोंदणीच्या ठिकाणी पूर्ण क्रमांक मागतात आणि रांगेत उभ्या माणसाला त्यावर वाद घालता येत नाही. केंद्रावरच्या संगणकात व्हॉट्सॲप उघडंच असतं आणि "डाउनलोड्स"मध्ये अख्ख्या तालुक्याची आधार पडलेली असतात, हेही पाहून आलो. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. ताईंना एवढंच जमलं की आता त्या ग्रुपवर आधार मागत नाहीत, स्वतःच्या नंबरवर मागतात आणि काम झालं की पुसतात.

डिजिलॉकर वापरता आलं असतं का? अंशतः. २०१५ पासून ते आहे आणि त्यात थेट खात्याकडून आलेला कागद मूळ कागदासारखाच मानला जातो. पण ते ज्याचं त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर उघडतं. ३८ पैकी निदान दहा जणांचा तो नंबर कधीच बंद पडलेला. आणि काटापट्टी कोणतंही खातं डिजिलॉकरमध्ये पाठवत नाही.

ज्याने फोन विकला त्याची पट्टी ताईंच्या फाइलमध्ये आहे, पूर्ण पांढरी. तिरपी धरून, उजेडात धरून, सगळं करून पाहिलं. मागच्या बाजूला त्याने पेनाने वजन लिहून दिलं आहे, आठवणीतलं : १४ क्विंटल ३५ किलो. व्यापारी ते मानायला तयार नाही.